डोळ्यात औषध गेलंय

"वाचलंत ना काका? मग करा की सही. खाली, फुली मारलीय तिथे."

सेफ्टी साहेबांनी कागद पुढे सरकवला आणि टोपण काढलेलं पेन त्यावर आडवं ठेवलं. शेजारच्या खुर्चीत मॅनेजर मोबाइलमध्ये डोकं घालून बसले होते.

मिक्सरकाकांनी कागद वाचला होता. दोनदा. त्यात लिहिलं होतं, की मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास सदर महिला कामगार हिने सुरक्षा चष्मा न वापरता काम केल्यामुळे तिच्या उजव्या डोळ्यात किरकोळ प्रमाणात औषध गेले. तिच्यावर तात्काळ प्रथमोपचार करण्यात आले. त्या वेळी मी हजर होतो.

सदर महिला कामगार म्हणजे त्यांची सून. आणि त्या कागदात खरं म्हणावं असं एवढंच होतं, की ते हजर होते.

कारखाना भिंतीच्या रंगाचा. पाण्यातला रंग डब्यात बंद राहिला की नासतो. झाकण फुगतं, उघडलं की उभं राहवत नाही असा वास मारतो. तसं होऊ नये म्हणून प्रत्येक घाण्याच्या शेवटी मापानं एक पातळ, पिवळसर द्रव मिसळतात. सव्वीस वर्षांपूर्वी त्याचा पहिला निळा ड्रम आला, तेव्हा त्यावरचं हातभर लांब इंग्रजी नाव कुणाच्याच जिभेवर बसेना. मिक्सरकाका तेव्हा नुसते मिक्सरवाले होते. ते म्हणाले, "रंगाला रोग होऊ नये म्हणून देतात ना? मग औषधच की!"

सगळे हसले आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. मॅनेजर विचारायचे, "औषध टाकलं का?" स्टोअरच्या वहीत नोंद, 'औषध, दोन ड्रम'. ड्रमवर एक चित्र होतं, हातावर थेंब पडतायत असं. त्याचा अर्थ सगळ्यांनी मिळून लावला, की काम झाल्यावर हात धुवा. तो हात थेंबांनी खाल्ला जातोय, हे पाहायला चित्र जवळून बघावं लागतं, आणि ड्रमच्या इतक्या जवळ जायचं तर डोळे झोंबायचे. पॅकिंगमधल्या एकानं तर एकदा ते पायाच्या चिखल्यांना लावलं. औषधच ते, लावून बघू, म्हणून. महिनाभर त्याला चप्पल घालता येत नव्हती. त्यावरही सगळे पोट धरून हसले होते. मिक्सरकाकासुद्धा.



मंगळवारी मिक्सरवरची बाई आली नव्हती, म्हणून सुपरवायझरनं फिलिंगमधून, म्हणजे डबे भरायच्या खात्यातून, सुनेला बोलावून घेतलं. तिनं आधी चष्मा मागितला. चष्मे होते. बारा होते, नवेकोरे, अजून प्लॅस्टिकच्या पिशवीतच, ऑफिसबाहेरच्या काचेच्या कपाटात. किल्ली सेफ्टी साहेबांकडे.

"पुढच्या आठवड्यात ऑडिट आहे," सुपरवायझर म्हणाला. "आत्ताच घालून ओरखडे पाडाल. दोन मिनिटांचं तर काम आहे."

ड्रमची तोटी गळते म्हणून द्रव खाद्यतेलाच्या रिकाम्या पाच लिटरच्या कॅनमध्ये काढून ठेवायची पद्धत होती. तो कॅन वाकडा केला की गटकन आवाज करून उसळी मारतो, हे मिक्सरच्या माणसांना ठाऊक. फिलिंगच्या माणसाला कुठून ठाऊक असणार? मिक्सरकाका वर, मिक्सरच्या फलाटावर होते. खालून किंकाळी आली तेव्हा घड्याळात दहा वाजून बारा मिनिटं झाली होती.

ते जिना उतरले नाहीत, घसरलेच. तिला दंडाला धरून डोळे धुवायच्या बेसिनकडे नेलं. बेसिन हिरव्यागार रंगाचं, वर पाटी. त्यांनी दांडा दाबला. नळातून नुसती हवा फुसफुसली. बेसिन गळतं आणि फरशी ओली दिसते, म्हणून मागच्या ऑडिटच्या आधी पाइप बंद केला होता. तो पुन्हा कुणी सुरू केला नव्हता.

मग त्यांनी ब्रश धुवायच्या नळाची बादली ओढली आणि सुनेला वाकवून डोळ्यावर मगानं पाणी ओतायला सुरुवात केली.

"बाबा, आग होतेय! बाबा, काढा ना ते!"

"काढतो, पोरी. उघड डोळा. जरा उघड."

चौथा मग ओतताना सुपरवायझरनं त्यांच्या कानाला फोन लावला. प्रथमोपचाराची नर्स बोलत होती. दोनच महिन्यांपूर्वी लागलेली.

"सुनेच्या डोळ्यात औषध गेलंय, सिस्टर!"

"कुठलं औषध?"

"नेहमीचंच. डब्यातलं."

तेलाच्या कॅनला कारखान्यात डबा म्हणत, आणि प्रथमोपचाराच्या पेटीलाही डबाच. पेटीत डोळ्यांच्या थेंबांची बाटली होती.

"मग एवढे घाबरताय काय?" नर्स म्हणाली. "औषधच आहे ना? चोळू नका, पाणी मारू नका. वरून कापूस ठेवा. मी ही पट्टी संपवते आणि येते."

मिक्सरकाकांनी हातातला मग खाली ठेवला. घड्याळात दहा पंधरा.

सव्वीस वर्षांत त्यांनी हजारो घाणे काढले होते, एकही बिघडला नव्हता. माप चुकलं नाही, वेळ चुकली नाही. आणि त्या दिवशी ते सुनेच्या डोळ्यावर कापूस दाबून सतरा मिनिटं उभे राहिले. ती म्हणत होती, "बाबा, पाणी ओता." ते म्हणत होते, "नको गं, सिस्टर नको म्हणाल्यात." दहा बत्तीसला नर्स आली, वास घेतला, कापूस उचलला आणि किंचाळली, "हे औषध? अहो, याला औषध म्हणता तुम्ही?"

दवाखान्यात डॉक्टरांनी आवाज न चढवता विचारलं, "केमिकलचं नाव काय?"

मिक्सरकाकांना नाव येत नव्हतं. त्यांनी स्टोअरला फोन लावला.

"वहीत बघ रे, औषधाचं खरं नाव काय आहे."

"औषधच लिहिलंय, काका."

"अरे, नाव, नाव!"

"काका, नाव तुम्हीच तर पाडलंत," स्टोअरवाला म्हणाला. त्याला टोमणा मारायचा नव्हता, म्हणूनच तो जास्त लागला.

ड्रमबरोबर आलेलं माहितीपत्रक मॅनेजरच्या कपाटात होतं आणि मॅनेजर मीटिंगमध्ये. पत्रकाचा फोटो मोबाइलवर आला तेव्हा बारा वाजून पाच मिनिटं झाली होती. डॉक्टरांनी तो मोठा करून वाचला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. डोळ्यात गेल्यास पापणी उघडी धरून किमान पंधरा मिनिटं वाहत्या पाण्यानं धुवा.

"हे छापलेलं आहे," ते म्हणाले. "कारखान्यात लावलेलं नाही कुठे?"

चार दिवस घरात कुणी नीट बोललं नाही. मुलगा बापासमोरून ताट उचलून आतल्या खोलीत जाऊन जेवायचा. बायको दर दोन तासांनी सुनेच्या डोळ्यात थेंब घालायची, आणि "औषध घालते हं" म्हणता म्हणता अर्ध्यावर थांबायची. काल सकाळी सून स्वतःच येऊन समोर बसली होती. एक डोळा पट्टीखाली, दुसरा लाल.

"बाबा, सही मागणारेत म्हणे तुमची."

"हो."

"मी चष्मा मागितला होता. तुम्ही वर होतात, तुम्हाला ऐकू आलं असेल-नसेल. पण मागितला होता."

"आलं होतं ऐकू," मिक्सरकाका म्हणाले. त्यांनी ते पहिल्यांदाच कबूल केलं. "मला वाटलं, दोन मिनिटांचं काम आहे."

ती उठून आत गेली. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"काका?" सेफ्टी साहेबांनी टेबलावर बोटं वाजवली. "विचार कसला करताय? घरचाच मामला आहे. तिची नोकरी राहते, कुणावर बालंट नाही. तुमचे तर निवृत्तीला दोनच महिने राहिलेत."

"चष्मे कुठे होते, साहेब?"

"कपाटात होते. मागायचे."

"मागितला होता तिनं."

"त्याची लेखी नोंद आहे?"

मिक्सरकाकांनी कागद उलटा केला. मागची बाजू कोरी होती. त्यांनी पेन उचललं आणि लिहायला लागले. अक्षर वळणदार नव्हतं, पण घाण्याच्या नोंदी करून करून सुटसुटीत झालं होतं. चष्मे, किल्ली, तेलाचा कॅन, हवा सोडणारा नळ, बंद केलेला पाइप. दहा बारा. दहा पंधरा. दहा बत्तीस. मग खिशातून खोक्याच्या पुठ्ठ्याचा एक तुकडा काढला. सकाळी कामावर आल्याबरोबर नाकाला रुमाल बांधून, ड्रमपुढे उकिडवं बसून त्यांनी त्यावरचं नाव एकेक अक्षर करून उतरवून घेतलं होतं. आता ते बघून बघून लिहिलं. क्लोरो. मिथाइल. आयसो. थाया. झोलि. नोन.

मॅनेजरनी पहिल्यांदा मोबाइल खाली ठेवला. वाकून वाचलं.

"औषध म्हणायची सवय कुणी लावली, हेही चौकशीत निघेल, काका," ते थंडपणे म्हणाले. "नर्सला फोनवर काय सांगितलंत तेही. मग सगळं तुमच्यावरच शेकेल."

"शेवटची ओळ वाचा."

शेवटची ओळ होती : 'औषध हे नाव मी पाडले. फोनवरही मीच ते सांगितले. मी चष्म्यासाठी काम थांबवायला हवे होते, थांबवले नाही.' खाली सही.

"याला काही अर्थ नाही," सेफ्टी साहेब म्हणाले. "हे असं फाइलला लागत नाही."

"का नाही लागत? कागद तुमचाच आहे. पुढच्या बाजूला तुमचं म्हणणं, मागच्या बाजूला माझं. भोक पाडा आणि लावा." त्यांचा आवाज आता पार वरपर्यंत गेला होता, आणि दाराबाहेर पॅकिंगची माणसं थबकलेली दिसत होती. "सव्वीस वर्षं मी रंग नासू दिला नाही, साहेब. रंग! एक डबा परत आला तर तुम्ही मला चार वेळा वर बोलावता. पोरीचा डोळा नासला, आणि तुम्ही 'किरकोळ' लिहिता?"

त्यांना मिक्सरवरून काढून गेटवर वॉचमनच्या टपरीत बसवलं. पुढच्या सोमवारी कंपनीनं सुनेला डोळे तपासायला पाठवलं. कामावर यायला ठीक आहे, असं लिहून घ्यायला सेफ्टी साहेब स्वतः बरोबर आले होते. मिक्सरकाका रजा टाकून गेले आणि भिंतीशी उभे राहिले. सुनेनं त्यांना या म्हटलं नव्हतं, नको असंही म्हटलं नव्हतं.

तपासणारी मुलगी हसतमुख होती. तिनं सुनेचा डावा डोळा झाकला आणि समोरच्या पाटीवर छडी ठेवली. सगळ्यात वरचं मोठं अक्षर सुनेनं लगेच ओळखलं. दुसऱ्या ओळीवर थोडी थांबली, पण वाचली. तिसऱ्या ओळीवर छडी आली तेव्हा तिनं मान पुढे काढली.

"सांगा ना ताई. घाई नाही."

"पांढरं दिसतंय. धूर असल्यासारखं."

"अहो, अंदाजानं सांगा," सेफ्टी साहेब मागून म्हणाले. "पाचच तर अक्षरं आहेत. तेवढंच जरा चांगलं लिहिलं जाईल."

मिक्सरकाका भिंतीपासून एक पाऊल पुढे आले. सुनेनं मागे न बघताच हात वर केला. ते थांबले.

ती खुर्चीत ताठ झाली. डाव्या डोळ्यावरची झाकणी तिनं स्वतःच्या हातात घेतली, आणखी घट्ट दाबून धरली, आणि पाटीकडेच बघत म्हणाली, "जेवढं दिसतं तेवढंच लिहा."