पाचव्या दिवसाचा पाठ

गावोगावच्या आरोग्यसखींसाठी पाच दिवसांचं शिबिर ठरलं, तेव्हा कोणता पाठ कोणत्या दिवशी घ्यायचा हे बसवायचं काम बालाघाटच्या संस्थेनं पुष्पलताकडे दिलं. बारा वर्षं नर्स म्हणून काढलेली बाई ती. तिनं साप चावणं आणि बाळंतिणीचा रक्तस्राव पहिल्याच दिवशी ठेवला. भाताच्या रोवणीच्या दिवसांत बाया पाच दिवस थांबत नाहीत, हे तिला ठाऊक होतं.

प्रकल्प अधिकारी धर्मेंद्रनं सगळा क्रम फिरवला. पहिला दिवस संस्थेच्या ओळखीचा, पुढचे दोन रुग्णाची मोबाइलवर नोंद करण्याचे, आणि साप पाचव्या दिवशी.

"सर, बाया तिसऱ्या दिवशीच घरी जातात."

"मॅडम, नोंदच नाही झाली तं वर काय दाखवाचं? अन् पहिले सोपं, मंग कठीण. शिकवाची पद्धतच हाय थे."

पुष्पलता दोन दिवस भांडली, मग थकून तिनं सही केली. एवढंच नाही, वर्गात तिनंच बायांकडून घोकून घेतलं, "काहीबी झालं का पहिले नोंद, मंग बाकी." रामपायलीकडची राखी सगळ्यांत हुशार. चौथ्या दिवशी सकाळी ती रोवणीसाठी गावी निघून गेली.

शिबिर सुरू झाल्यापासून नवव्या दिवशी बातमी आली. राखीची जाऊ सीता धानाच्या बांधीत रोवणी करताना नाग चावून वारली. सव्वीस वर्षांची होती. पुष्पलता मिळेल त्या बसनं गेली.

राखी अंगणात भिंतीला टेकून बसली होती. "ताई, तुम्ही शिकवलं तसंच केलं मी," ती लगेच म्हणाली. "पहिले नोंद. घरी नेटवर्क नोहतं, म्हणून तिले खाटेवर निजवून पाण्याच्या टाकीपाशी गेलती, तेथीच भेटते थे. नोंदीत तिचा आधार नंबर मागे. तो घ्याले परत आली, पुन्हा गेली. आली तं तिच्या पापण्या मिटून राह्यल्या होत्या. मंग गाडी केली. वारासिवनीचा दवाखाना येण्याच्या पहिलेच..." तिनं पुष्पलताच्या तोंडाकडे पाहिलं. "बरोबर केलं ना मी?"

"हौ," पुष्पलता म्हणाली. "तुई काही चूक नाही."

पण फाटकापर्यंत जाऊन तिचे पाय थांबले. उद्या या गावात आणखी कुणाला साप चावला, तर ही पोरगी पुन्हा टाकीपाशीच धावणार. ती परत आली आणि राखीसमोर बसली.

"राखी, आता कोणाले साप चावला तं नोंद करू नको. बांधू नको, कापू नको. त्याच पावली गाडीत टाकून दवाखान्यात न्याचं. एक मिनिटबी थांबाचं नाही."

 राखीच्या चेहऱ्यावरून एकेक गोष्ट सरकत गेली. टाकी, आधार कार्ड, पुन्हा टाकी.

"हे तुमाले मालूम होतं?"

"हौ."

"मंग तवा काहून नाही सांगितलं, ताई?"

 राखी उठून आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं.

सोमवारी लालबर्ऱ्याला सुरू झालेल्या पुढच्या शिबिरात पुष्पलतानं कोणाला न विचारता पहिल्याच तासाला साप घेतला. दुपारपर्यंत धर्मेंद्रच्या कानावर गेलं. "शिबिराचे पुस्तकं छापून आले, मॅडम. आता क्रम नाही बदलत," तो म्हणाला, आणि दुसऱ्या दिवसापासून तिला ऑफिसात नोंदी तपासायला बसवलं. तिनं वरिष्ठांना लिहिलेल्या पत्राला उत्तर आलं नाही.

पुढच्या आठवड्यात पुस्तकांचे गठ्ठे बिरशाच्या शिबिराला गेले. तिथंही साप पाचव्या दिवशीच होता.