वॉचमनची बहीण

कॉलेजची बस चालवणाऱ्या बाईला त्या शुक्रवारी सुट्टी मिळाली असती. आदल्या संध्याकाळी तिच्या धाकट्या भावाचा जबडा दोन ठिकाणी मोडला होता, आणि सकाळी ती हॉस्पिटलच्या बाकावरून उठून थेट डेपोत आली होती. बदली ड्रायव्हर हात पुढे करून उभा होता. "ताई, चावी द्या आणि घरी जा. अवतार बघा तुमचा," तो म्हणाला. तिने चावी दिली नाही. तिला त्या तिघांची तोंडं बघायची होती.

भाऊ कॉलेजच्या हॉस्टेलवर वॉचमन होता. गुरुवारी संध्याकाळी सातच्या सुमारास फुटबॉल टीमचा कॅप्टन कोणाची तरी गाडी घेऊन मागच्या गेटवर आला, सोबत दोघं. बाहेरची गाडी आत न्यायची तर रजिस्टरमध्ये सही करायची, हा नियम. भावाने रजिस्टर पुढे केलं आणि सही मागितली. त्याचा गुन्हा एवढाच. पुढचं त्याला तोंडाने सांगता येईना, कारण डॉक्टरांनी दात तारेने आवळून टाकले होते. त्याने नर्सकडून कागद मागून घेतला आणि तीन नावं लिहिली: कॅप्टन, गोलकीपर आणि बचावफळीतला एक लांबलचक पोरगा. शाळेतली मुलं ज्यांचे फोटो वहीत चिकटवायची, ते तिघे.

टीम हसतखिदळत बसमध्ये चढली. "मावशी, एसी वाढवा की," कॅप्टन म्हणाला आणि तिच्या मागच्याच सीटवर बसला. ती त्या वॉचमनची बहीण आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं. लग्नानंतर आडनाव बदललेलं, आणि बसवालीचं माहेर कोण विचारतो?

शहर मागे पडलं तसा कॅप्टन उठला आणि दोन सीटांच्या मधल्या वाटेत उभा राहून कालची नक्कल करायला लागला. भावाचं वाकणं, भावाचं रजिस्टर धरणं, अगदी भावाचा चष्मा सावरणंसुद्धा. "सही मागत होता माझी," तो म्हणाला. "लोक शर्टावर घेतात. याला जबड्यावर दिली." बस हसण्याने दणाणली. गोलकीपरने आपण कुठे कुठे लाथ घातली ते सांगितलं. मग कोच, जो आतापर्यंत पेपर वाचत होता, पेपर खाली न करता म्हणाला, "बूट धुतलेत ना? मग गप्प बसा. गेटच्या कॅमेऱ्याचं मी बघतो."

तिचे हात स्टिअरिंगवर होते. बस एक इंचही इकडची तिकडे झाली नाही.

मागच्या वर्षी एका अपघातानंतर कॉलेजने बसच्या काचेवर एक छोटा कॅमेरा बसवला होता. तो बाहेरचंही टिपायचा आणि आतलंही, आवाजासकट. बसवला आणि विसरले. दर सोमवारी त्याची काच पुसणाऱ्या तिलाच तेवढा तो ठाऊक होता. मॅचच्या मैदानावर टीम उतरल्यावर तिने त्यातलं मेमरी कार्ड काढलं, रस्त्यापलीकडच्या मोबाईलच्या दुकानातून नवं आणून त्या जागी घातलं, आणि जुनं रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवलं.

शनिवारी भावाच्या तक्रारीवरून पोलिसांनी तिघांना धरलं. सोमवारी ते कार्ड भावाच्या वकिलाच्या हातात द्यायचं, असं तिने ठरवलं होतं. हे खोटं नाही. सोमवारी ती कोर्टात गेली तेव्हा कार्ड पर्समध्येच होतं.

पण कोर्टाबाहेर पाय ठेवायला जागा नव्हती. टीमचे मफलर गळ्यात अडकवून दीड-दोन हजार माणसं उभी होती. तिघांना जामीन मिळाला आणि लोकांनी त्यांना खांद्यावर घेतलं. गर्दीच्या पुढे, हातात पाटी धरून, तिच्या गल्लीतला झेरॉक्सवाला होता. प्रत्येक मॅचला स्टँडमध्ये भोंगा वाजवायचा म्हणून सगळे त्याला भोंगाच म्हणत. पाटीवर त्याच्याच दुकानातल्या जाड अक्षरात छापलं होतं: वॉचमन प्यायलेला होता.

याच भोंग्याने तिच्या भावाला सायकल शिकवली होती. सीट मागून धरून गल्लीभर धावायचा.

ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "तो थेंबाला शिवत नाही हे तुम्हाला माहीत आहे, भाऊ."

त्याने पाटी जराशी खाली केली. "ताई, तुमचं दुःख मला कळतं. पण सगळेच म्हणतायत तर काहीतरी असेल ना. आणि पोरं आहेत हो, रक्त गरम असतं. फायनल तीन आठवड्यांवर आलीये. एका जबड्यापायी पोरांचं वाटोळं नको व्हायला. जबडा काय, जुळून येतो."

मग त्याने तिच्या देखत पाटी पुन्हा वर केली.

वकील पायऱ्यांवर तिची वाट बघत होता. तिने पर्सची चेन लावली आणि त्याला सांगितलं की सहज आले होते, काही काम नव्हतं.

आज कार्ड दिलं तर काय होईल, हे तिने घरी येता येता नीट विचार करून पाहिलं. तिघांना टीममधून काढतील. त्यांच्या जागी दुसरे तीन येतील. भोंगा पाटी माळ्यावर टाकेल आणि म्हणेल, आम्हाला काय माहीत होतं. महिन्याभरात सगळे साळसूद. नाही. त्यांना अजून नाचू दे. अजून वर चढू दे. प्रत्येकाला आपलं तोंड उघडून, आपल्या नावानिशी, दहा जणांसमोर त्या पोरांची बाजू घेऊ दे, म्हणजे मागे फिरायला वाट उरणार नाही. कार्ड तिने चहाच्या डब्यात, पावडरच्या तळाशी ठेवलं.

आणि ते नाचले. औषधाच्या दुकानदाराने भावाच्या गोळ्या देताना विचारलं, "नुकसानभरपाई किती मिळेल म्हणे?" न्हाव्याने त्याला खुर्चीत बसवलं नाही. भावजय शिवणाच्या कारखान्यात कामाला होती, तिथे तिच्या दोन्ही बाजूच्या बायकांनी आपापली मशीनं सरकवून घेतली. एका सकाळी दारावर टीमच्या निळ्या रंगाचा डबा ओतलेला सापडला. भावाच्या फोनवर अनोळखी लोक जबड्याची चित्रं पाठवत. तो पातळ खिमट नळीने ओढत बसायचा आणि फोन उलटा करून ठेवायचा.

बाई कोण काय बोललं ते विसरत नव्हती. तिला लिहून ठेवायची गरज पडली नाही.

टीम जिंकत होती आणि तीच त्यांना मैदानावर नेत-आणत होती. उपांत्य सामन्यात बरोबरी झाली आणि शेवटची पेनल्टी कॅप्टनकडे आली. ती बसच्या पायरीवर उभी राहून कुंपणाच्या जाळीतून बघत होती. आयुष्यात तिने देवाकडे फार थोड्या गोष्टी मागितल्या होत्या. त्या क्षणी तिने मागितलं, जाऊ दे आत. बॉल जाळीत गेला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. शेजारी उभ्या असलेल्या एका आजोबांना वाटलं, बाई टीमची पक्की चाहती आहे. त्यांनी तिची पाठ थोपटली.

फायनलच्या आठवड्यात कॉलेजने भावाला बोलावून घेतलं. गेटचा कॅमेरा त्या दिवशी बंद होता म्हणे. साक्षीदार कोणी नाही. समोरचा वकील अब्रुनुकसानीचा दावा ठोकायची भाषा करत होता. पण वॉचमनने लेखी दिलं, की तोल जाऊन पडलो आणि रागाच्या भरात मुलांची नावं घेतली, तर काढून घेतलेली नोकरी परत. भावजय रडली. "करा सही आणि सुटा यातून," ती म्हणाली.

भाऊ वरच्या मजल्यावरच्या आपल्या घरातून जिना उतरून बहिणीकडे आला. ती चहा टाकत होती, डबा उघडाच होता.

"ताई," तो आवळलेल्या दातांतून, एकेक शब्द ओढून काढत म्हणाला, "तू त्यांच्या बसमध्ये असतेस. कधी काही कानावर आलं का? एखादा शब्द तरी?"

तिने डब्याचं झाकण लावलं. फायनल तीन दिवसांवर होती.

"इंजिनचा आवाज फार असतो रे," ती म्हणाली.

त्याने मान हलवली, जणू त्याला तेच अपेक्षित होतं. शुक्रवारी त्याने सही केली. कॉलेजने त्याला कॅप्टनशेजारी उभं करून दोघांचा हात मिळवतानाचा फोटो काढला आणि शनिवारी तो पेपरात आला. कॅप्टन हसत होता. भोंग्याने त्याची मोठी प्रत काढून दुकानाच्या काचेवर चिकटवली आणि खाली लिहिलं, सत्याचा विजय. त्या दिवशी भाऊ अंथरुणातून उठला नाही.

रविवारी सकाळी बाई आंघोळ करून, इस्त्रीचा युनिफॉर्म घालून पोलीस ठाण्यात गेली. तिथली इन्स्पेक्टर तिच्याच वयाची बाई होती. तिने कार्ड लॅपटॉपला लावलं, सगळं ऐकलं, आणि लॅपटॉप अर्धवट मिटला.

"हे तुमच्याकडे कधीपासून आहे?"

"तेवीस दिवस."

"परवा तुमच्या भावाने माफी लिहून दिली."

"हो."

"कोर्टात विचारतील, इतके दिवस का थांबलात."

"विचारू दे. सांगेन."

"मला सांगा आधी."

बाईने पर्स मांडीवर नीट ठेवली. "त्यांना आणखी थोडं नाचू द्यायचं होतं."

इन्स्पेक्टरने कार्ड पाकिटात घालून वर तारीख टाकली. तिला वरिष्ठांशी बोलायला, कागद तयार करायला दुपार होणार होती, आणि तोवर टीम हॉस्टेलवरून निघालेली असणार होती. हे बाईने आधीच धरलेलं होतं. "बस अडीचला स्टेडियमच्या मोठ्या गेटवर थांबते," ती म्हणाली. "दार माझ्या हातात असतं." कार्डाची एक प्रत, अडीचला लावा असं सांगून, तिने वाटेत बातम्यांच्या चॅनेलवर दिली होती, तेही तिने सांगून टाकलं.

अडीचला मोठ्या गेटवर माणसांची भिंत उभी होती. निळे मफलर, ढोल, लहान मुलं वडिलांच्या खांद्यावर. भोंगा पुढेच होता, गाल फुगवून वाजवत. बस थांबली. कॅप्टन उठून केस सारखे करत दाराशी आला. "उघडा मावशी," तो म्हणाला.

"थांब," ती म्हणाली.

तिने आरशात बघितलं. पोलिसांची जीप मागे येऊन लागली होती. इन्स्पेक्टर आणि चार शिपाई गर्दीतून वाट काढत दाराशी आले, आणि मग तिने बटण दाबलं.

कॅप्टनला आधी वाटलं, बंदोबस्त आलाय. त्याने शिपायाशी हात मिळवायला हात पुढे केला. शिपायाने तोच हात धरला. गोलकीपरची पाचावर धारण बसली, तो "मी नाही, यानेच आधी" असं आपणहून बोलून गेला. उंच पोराला सीटखालून ओढून काढावं लागलं. कोच मात्र पेपरची घडी घालून उतरला.

बाहेर आधी आरडाओरडा झाला. कोणीतरी बसवर बाटली फेकली. मग गर्दीतले फोन वाजायला लागले. चॅनेलने बरोबर अडीचला लावलं होतं. इथे दहा जण, तिथे वीस जण मान खाली घालून ऐकायला लागले, आणि कॅप्टनचा आवाज शेकडो फोनमधून एकदम यायला लागला: याला जबड्यावर दिली. ढोल थांबले. एका बापाने पोराला खांद्यावरून खाली घेतलं. बाई ड्रायव्हरच्या सीटवरून सगळं बघत होती. तिला घाई नव्हती. ती भोंग्याला शोधत होती. तो सापडला तेव्हा त्याचा फोन कानाशी होता आणि भोंगा काखेत. त्याने वर पाहिलं. तिने नजर हलवली नाही. त्यालाच खाली बघावं लागलं.

सामना झालाच नाही. काही लोक रेकॉर्डिंग बनावट आहे म्हणत राहिले, आठवडाभर. मग त्यांचाही आवाज बसला.

भोंगा मंगळवारी घरी आला, रिकाम्या हातांनी. "ताई, आम्हाला काय माहीत होतं," तो दारातच म्हणाला. हे वाक्य ती तीन आठवड्यांपूर्वीच मनात ऐकून बसली होती. तिने त्याला आत बोलावलं, भावासमोर बसवलं, आणि त्याच्याच दुकानाच्या काचेवरून तिने काढून आणलेला तो फोटो त्याच्या हातात दिला. "खाली काय लिहिलंय ते मोठ्याने वाचा." त्याने वाचलं. "पुन्हा." त्याने पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा त्याचा आवाज फाटला. ती आणखी वाचायला लावणार होती, पण भाऊ उठला.

"पुरे," तो म्हणाला. भोंगा गेला. भाऊ दारापाशी उभाच राहिला.

"पेपरात तेवीस दिवस लिहिलंय," तो म्हणाला. "मी तुला विचारायला आलो होतो तेव्हा कार्ड कुठे होतं?"

"चहाच्या डब्यात."

"तू चहा टाकत होतीस."

"हो."

"ताई, मी त्याच्याशी हात मिळवला. फोटोसाठी दोनदा मिळवायला लावला त्यांनी."

तिने सांगायचा प्रयत्न केला. आधी दिलं असतं तर सगळे कसे सुटले असते, कोणाचंच तोंड काळं झालं नसतं. तो ऐकत होता. "मला त्यांचं तोंड काळं व्हायला नको होतं," तो म्हणाला. "मला माझं धुवून हवं होतं." आणि जिना चढून गेला.

खटला उभा राहिला. कॅप्टनला तीन वर्षांची शिक्षा लागली, बाकी दोघांना वर्ष-वर्ष, आणि कोच पुरावा दडवल्याबद्दल आत गेला. कॉलेजने बाईला बसवरून काढलं. ती आता एका कारखान्याच्या कामगारांची गाडी चालवते. भाऊ दुसऱ्या गावात एका गोदामावर लागला, भावजयीसकट. महिन्यातून एकदा फोन करतो. तब्येत विचारतो, हवा विचारतो, आणि ठेवतो.

कामगारांपैकी कोणीतरी कधीतरी तो विषय काढतं. पश्चात्ताप होतो का, असं विचारतं. ती खोटं बोलत नाही. कोर्टाबाहेरची ती पाटी तिला अजून दिसते, आणि मोठ्या गेटवर थांबलेले ते ढोल अजून ऐकावेसे वाटतात. शुक्रवारच्या त्या सहीच्या आधी द्यायला हवं होतं, एवढं ती कबूल करते. म्हणजे तीन दिवस लवकर. वीस दिवस मात्र ती पुन्हा थांबली असती.