चौथा बल्ब

“काय मेला उजेड देतोय हा. एवढ्याशा उजेडात कुणी वाचायचं?”

मित्रांनो, हा मेला म्हणजे मी. मी एक टेबलावरचा जुना दिवा आहे. हिरवी पत्र्याची टोपी, लोखंडी वाकडी मान. पद्मिनीताई माझ्या टोपीखाली डोकं घालून, नाक कागदाला टेकवून कुरकुरत होत्या, त्यामुळे न ऐकण्याची सोय नव्हती.

माझी पहिली वीस वर्षं योकोहामात, एका सिंधी व्यापाऱ्याच्या रेशमाच्या दुकानात गेली. गिऱ्हाईक माझ्याखाली कापड धरायचं. “या दिव्याखाली निळा तो निळाच दिसतो,” असं शेटजी कौतुकाने सांगायचे. मग दुकान बंद झालं आणि माझ्या मानेवर मोठ्या कचऱ्याची चिठ्ठी चिकटली. इथे ती चिठ्ठी लागली की गाडी येते आणि घेऊन जाते, वाद नाही. पण त्या सकाळी पद्मिनीताई तिथून चालल्या होत्या. पुण्यात जर्मन शिकलेल्या, नवऱ्याच्या नोकरीमागे इथे आलेल्या. त्यांनी शेटजींना विचारलं, नखाने चिठ्ठी सोलली आणि मला काखेत मारून नेलं.

तेव्हापासून मी औषधांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहतो. दारावर पाटी आहे, मोरावियन इतिहास व वारसा संशोधन संस्था. पाटी मोठी आहे, माणसं तीन. ताई संचालक, चहाचं पाणीही त्याच तापवतात. ओगावा-सान, सान म्हणजे आपलं राव किंवा ताई, पत्रव्यवहार बघतात. आणि निशी-कसाई या लांबच्या वस्तीतून दोन गाड्या बदलून येणारी केतकी टायपिंग करते.

मोरावियन म्हणजे कोण, ते सांगतो. युरोपात मोराविया नावाचा प्रांत आहे. तीनशे वर्षांपूर्वी तिथल्या काही ख्रिस्ती कुटुंबांना आपल्या रीतीने प्रार्थना करता यावी म्हणून घरदार सोडून जर्मनीत जावं लागलं. त्यांच्या पंथात एक पद्धत आहे. प्रत्येकाने आपलं आयुष्य आपल्या हाताने लिहून ठेवायचं. ते त्याच्या अंत्यविधीला वाचतात. शेवटच्या चार ओळी अर्थातच दुसऱ्या कुणाला तरी लिहाव्या लागतात.

अशा चाळीस जर्मन हस्तलिखितांचं पुस्तक ताई करत होत्या. एकोणचाळीस झाली होती. राहिली होती रोझिना नावाची एक विणकरीण. तिचं एकच दाट लिहिलेलं पान सहा महिने माझ्याखाली पडून होतं.

या सहा महिन्यांत माझा बल्ब तीनदा बदलला. चाळीस वॅटचा साठचा झाला, साठचा शंभरचा. टोपी तापून ताईंचे केस करपायला लागले तेव्हा ओगावा-साननी पांढराफेक एलईडी आणला. आता खिडकीवरच्या कबुतरालाही माझा त्रास होतो. तरी ताई म्हणायच्या, “मंदच आहे.” ओगावा-सान मान लववून म्हणायचे, “वस्तू जुनी झाली, पद्मिनी-सान.” केतकी म्हणायची, “शाईच फिकी आहे हो ताई.” दोघं एकमेकांकडे बघायचीही नाहीत. मित्रांनो, दोष अंगावर घ्यायची मला सवय झाली होती. पण थकवा येतो.

मग तो मंगळवार आला. जुन्या पानांवर कोरा कागद घालून ठेवतात, पान झिजू नये म्हणून. त्या दिवशी केतकी तो काढायला विसरली. ताईंनी मला खाली ओढलं आणि वाचायला सुरुवात केली. रोझिनाचा जन्म, बापाचा माग, बर्फातून तुडवलेली वाट, धाकटा भाऊ पाठीवर. अस्खलित. केतकी टाइप करत होती. मध्येच तिने मान वर केली आणि तिची बोटं थांबली.

ताई कोरा कागद वाचत होत्या. वीस वर्षांपूर्वी माझ्याच उजेडात त्यांनी रोझिनाचं आत्मकथन पाठ होईस्तोवर वाचलं होतं. शेवटच्या चार ओळींपाशी आल्या आणि अडल्या. त्या दुसऱ्याच्या हातच्या, तेवढ्या पाठ नव्हत्या.

“इथे काही लागत नाही गं,” त्या म्हणाल्या. “हा दिवा आता टाकूनच द्या. ओगावा-सान, नवा मागवा.”

गुरुवारी चिठ्ठी आली. तीच, मोठ्या कचऱ्याची. ओगावा-साननी ती दोन्ही हातांनी केतकीपुढे धरली आणि चहा करतो म्हणून आत गेले. आजवर त्यांनी कधी चहा केला नव्हता.

मित्रांनो, एखादी वस्तू फेकायच्या आधी दोष खरोखर तिचाच आहे का, तेवढं बघा. आणि दोष माणसाचा निघाला तर त्याला सांगा. त्याच्या भोवती बल्ब बदलत बसू नका. उजेड जास्त झाला म्हणून कुणाची सोबत होत नाही.

केतकीने चिठ्ठी माझ्या मानेपर्यंत आणली. मग तशीच टेबलावर ठेवली. रोझिनाच्या पानावरचा कोरा कागद उचलला. तीन वर्षं ताईंच्या शेजारी बसून ती जुनी जर्मन लिपी तिलाही थोडी येऊ लागली होती. ओठ हलवत, अडखळत तिने शेवटच्या चार ओळी मनात वाचल्या.

“लावलीस का चिठ्ठी?” ताईंनी भिंतीकडे बघत विचारलं.

“नाही लावली.” तिने खुर्ची ताईंच्या खुर्चीला टेकवली. “ताई, दिवा चांगला आहे. तुम्हाला दिसत नाहीये.”