माझ्या आधी धावणारी पेन्सिल

मित्रांनो, कॉलेजच्या इंग्रजी सरावाच्या खोलीत नवव्या टेबलाच्या खुंटीला एक जुना हेडफोन लटकलेला दिसेल. त्याच्या डाव्या बाजूला काळी चिकटपट्टी गुंडाळलेली आहे आणि त्याचा स्पंज उंदराने कुरतडल्यासारखा दिसतो. तोच मी. स्पंज मात्र उंदराने नाही, विद्यार्थ्यांच्या नखांनी कुरतडला. परीक्षा जवळ आली की माणसांची बोटे स्वस्थ बसत नाहीत, आणि मी नेमका त्यांच्या हाताशी असतो.

माझी रचना तशी साधी आहे. दोन्ही बाजूंना एकेक पातळ पडदा, पडद्याला चिकटवलेले बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे आणि मागे गोल चुंबक. तारेतून वीज आली की वेटोळे हलते, पडदा हलतो, हवा हलते, आणि तुम्हाला वाटते की कोणी बाई तुमच्या कानात बोलते आहे. प्रत्यक्षात तिथे कोणीच नसते, नुसती हवा थरथरत असते. याच्या उलटही घडते, हे फार थोड्यांना माहीत आहे. बाहेरच्या आवाजाने पडदा हलला, की वेटोळ्यात अगदी क्षीण वीज निर्माण होते. म्हणजे मी बोलतो तसा ऐकतोही. फक्त मला कधी कोणी काही विचारले नाही.

कारखान्यात एका बाईने डोळ्याला भिंग लावून माझ्या तारा जोडल्या, मला कानाशी धरले आणि "हा बोलतो" म्हणून खोक्यात ठेवले. त्या शाबासकीवर मी अकरा वर्षे काढली. सुरुवातीला आमचा थाट होता. आम्ही सोळा भाऊ सोळा खुंट्यांवर चकाकत असू. पाहुणे आले की प्राचार्य मलाच त्यांच्या डोक्यावर चढवत. पाहुणे माना डोलावत. मी बंद आहे हे बहुतेकांच्या लक्षातही येत नसे.

मग दिवस पालटले. विद्यार्थी जाताना माझी तार माझ्याच भोवती करकचून आवळत. एकेक भाऊ मुका होऊन कपाटात गेला. माझी डावी बाजू अधूनमधून जाऊ लागली, तेव्हा खोली सांभाळणाऱ्या काकांनी तिला पट्टी बांधली. तार एका विशिष्ट कोनात वाकवून धरली की मी दोन्ही कानांनी बोलायचो. कोन जरा चुकला की नुसती खरखर.

या खोलीची एक रीत आहे, ती आधी सांगायला हवी. इंग्रजीच्या परीक्षेत ऐकण्याचे चाळीस आणि वाचनाचे चाळीस प्रश्न असतात. ऐकण्याचे रेकॉर्डिंग एकदाच लागते, त्याच वेळी उत्तरे लिहायची. सरावासाठी खोलीत सहा रेकॉर्डिंग आणि सहा पुस्तके आहेत. अकरा वर्षे तीच सहा. उत्तरे पुस्तकातच पेन्सिलीने लिहायची आणि जाताना पुढच्यासाठी खोडून ठेवायची. खोडरबर काकांच्या टेबलाला दोरीने बांधलेला असतो. खोडून खोडून ती पाने इतकी विरली आहेत की पलीकडचा मजकूर इकडून दिसतो.

काकांना नावे लक्षात राहत नाहीत. ते सगळ्यांना टेबलाच्या आकड्याने हाक मारतात. तशी एक नऊ नंबर माझ्याकडे आली. ती रोज सकाळी आठला यायची आणि साडेनऊला चष्म्याच्या दुकानात कामाला जायची. तिथे ती चाकावर काचांच्या कडा घासायची. तिच्या नखांत काचेची पांढरी भुकटी कायम असे. तिला मात्र काचेच्या अलीकडचे, म्हणजे डोळ्याचे शिकायचे होते. कॉलेजने नेत्रतपासणीच्या अभ्यासक्रमात तिच्यासाठी जागा राखून ठेवली होती. अट एकच, इंग्रजीत ऐकणे आणि वाचन दोन्हींत किमान चोवीस गुण. ऐकण्यात ती दोनदा घसरली होती. आधी एकोणीस, मग एकवीस. तिसरी परीक्षा शेवटची. ती गेली की जागा दुसऱ्याला.

शेजारी आठ नंबरवर एक काकू बसत. त्या शिवणकाम करत, आणि त्यांची दोन्ही मुले नऊ नंबरपेक्षा मोठी होती. त्यांची परीक्षा नऊ नंबरच्या परीक्षेनंतर दीड महिन्याने होती.

"काकू, तुम्ही कशाला या भानगडीत पडलात?" नऊ नंबरने पहिल्याच दिवशी विचारले.

"अगं, मुलं मोठी झाली, नवरा काही मोठा झाला नाही. घरात माझं ऐकणारं कोणी उरलं नाही. म्हटलं, आता आपणच ऐकायला शिकावं."

"आठ नंबर, गप्पा बाहेर," काका आपल्या स्टुलावरून म्हणाले.

"बाहेर बसायला खुर्ची द्या, जाते."

नऊ नंबरला हसायलाही वेळ नव्हता. तिची टाच सारखी जमिनीवर आपटत असे. सेकंदाला तीन वेळा, मी मोजले आहे. तो ठेका टेबलातून खुंटीत आणि खुंटीतून माझ्यात यायचा. ती सहाही रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा ऐके. एखादे वाक्य निसटले की मागे, पुन्हा मागे. तिचे गुण वाढत गेले. चोवीस, एकोणतीस, तेहतीस, सदतीस. ती ते आकडे एका चिठ्ठीवर लिहून चष्म्याच्या डबीत ठेवत असे. काकू डोळे मोठे करून म्हणत, "हिला परीक्षेला कशाला बसवता, हिच्याकडून पेपर काढून घ्या."

सगळे खूश होते. मी मात्र बेचैन होतो.

चौथ्या रेकॉर्डिंगमध्ये एक माणूस पाहुण्यांना पाणी शुद्ध करण्याचे केंद्र दाखवतो. टाकी किती मीटर खोल आहे, हा विसावा प्रश्न. पूर्वी त्याने आकडा सांगितल्यावर तिच्या पेन्सिलीची खरखर मला ऐकू येई. मग ती त्याच्या बरोबरीने येऊ लागली. नंतर त्याच्याही आधी, पूर्ण दोन सेकंद आधी. माझा पडदा अजून हललेला नसायचा आणि तिचे उत्तर लिहून झालेले असायचे. मित्रांनो, जो आवाज अजून निघालाच नाही, तो तिला कसा ऐकू आला असेल?

मला ओरडून सांगावेसे वाटे, पण माझ्याकडे असलेला आवाज माझा नव्हता. मी फार तर खरखर करू शकत होतो. ती खरखर आली की ती तार वाकवून माझा कोन नीट करी.

परीक्षेला नऊ दिवस उरले होते. चौथे रेकॉर्डिंग चालू होते, दुसरा भाग संपत आला होता. तिने सवयीने तार वाकवली आणि प्लगजवळ काहीतरी तुटले. माझ्या दोन्ही बाजू एकदम गप्प झाल्या. तिसऱ्या भागाआधी प्रश्न वाचायला अर्ध्या मिनिटाची शांतता असते. तिला वाटले तीच ही. टाच हलत होती, पेन्सिल धावत होती. एक उत्तर, दोन, पाच, सात.

काका फेरी मारत आले आणि टेबलामागे वाकले. "नऊ नंबर, काय ऐकतेस?"

"काका, थांबा ना. गॅप आहे मधली."

"कसली गॅप? प्लग माझ्या हातात आहे."

तिने मला कानावरून काढले. काकांच्या चिमटीत नुसता प्लग होता, त्याला तारेचा दोन बोटे तुकडा. काकूंनी तिचे पुस्तक ओढले, मागच्या पानावरच्या उत्तरांशी पडताळले आणि कपाळाला हात लावला. "बाई गं! न ऐकता सात? साती बरोबर? तू तर पोचलेली आहेस."

काका हसले. काकूही हसल्या. नऊ नंबर हसली नाही, म्हणून ते दोघेही थांबले.

तिची टाच थांबली होती. दोन महिन्यांत पहिल्यांदा.

तिने तिसरे पुस्तक वाचनाच्या भागावर उघडले, उताऱ्यावर वही ठेवून तो पूर्ण झाकला आणि खालचे प्रश्न सोडवायला घेतले. तेरांपैकी अकरा बरोबर आले. तिने पुस्तक मिटले.

"मी ऐकतच नव्हते, काकू. दोन महिने मी फक्त आठवत होते."

"अगं, अभ्यास म्हणजे तेच की."

"तेच नाही! परीक्षेत सातवं रेकॉर्डिंग येणार आहे. ते कुठून आठवू?" तिने मला टेबलावर आपटले. "या खोलीनंच फसवलं मला."

काकांचा चेहरा पडला. "खोली कशी फसवेल गं? दरवर्षी नवा संच मागतो मी. मागून मागून जीभ झिजली. पुढल्या वर्षी बघू म्हणतात. अकरा पुढली वर्षं झाली."

मग काकांनी कपाटातून तारांना कथिलाचा डाग द्यायची इस्त्री आणि एक जुना प्लग काढला. पण जोड काही त्यांना जमेना. दोनदा तार सरकली. "द्या इकडे," नऊ नंबर म्हणाली. काचेच्या कडा घासणारे हात ते. तिने श्वास रोखून दोन थेंबांत जोड पक्का केला. रडून डोळे लाल झाले होते, तरी एक थेंब इकडे तिकडे सांडला नाही.

काकू मघापासून सुपारी चघळल्यासारखा एकच विचार चघळत होत्या. "बोलणारी माणसं संपली का जगातली? मी बोलते. माझ्या शिवणयंत्राचं माहितीपत्रक इंग्रजीत आहे. ग्रंथालयात विज्ञानाची जुनी मासिकं धूळ खात पडलीत. मी वाचते, तू ऐक. माझंही वाचन होईल."

"पण समोर बसून वाचलंत तर तुमचे ओठ दिसतील मला. आणि माईक तर खोलीत नाहीच."

काकांनी माझा नवा प्लग उचलला आणि टेबलावरच्या रेकॉर्डिंगच्या यंत्राच्या दुसऱ्या भोकात, माईकच्या भोकात घातला. मला काकूंच्या तोंडासमोर धरून म्हणाले, "हं, बोला."

"काय बोलू? हॅलो. भाजी महागली."

यंत्राच्या आवाज मोजणाऱ्या काट्याने किंचित मान हलवली. काकांनी ते परत लावले, तर आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा होता, पण होता. काकू दचकून मागे सरल्या. माझे काय झाले ते सांगता येत नाही. अकरा वर्षे मी परक्या आवाजात बोलत आलो. त्या सकाळी पहिल्यांदा कोणीतरी मला ऐकण्याच्या कामाला लावले.

पुढचे आठ दिवस माझी दमछाक झाली. आदल्या दुपारी काकू वाचत आणि काका त्यावरून वीस प्रश्न काढत. सकाळी नऊ नंबर पाच नंबरचा हेडफोन लावून ते ऐके, एकदाच. काकूंचे वाचन म्हणजे वाट चुकलेल्या बसमधला प्रवास. त्या अडखळत, शिंकत, मध्येच "थांब हं, चष्मा" म्हणत. पहिल्या दिवशी नऊ नंबरला विसांपैकी नऊ आले. तिचा हात रेकॉर्डिंग मागे नेण्याच्या बटणाकडे गेला.

काकूंनी त्यावर चापट मारली. "हात मागे! परीक्षेतली बाई तुझ्यासाठी थांबणार आहे का?"

"एकदाच, काकू. प्लीज."

"माझा नवरा रोज असंच म्हणतो. नाही म्हणजे नाही."

तिसऱ्या दिवशी तिने चुकांचा तक्ता काढला. त्यात एक गोष्ट दिसली. चुका सुट्या नव्हत्या, घोळक्याने आल्या होत्या. एक उत्तर निसटले की ती मनाने तिथेच अडून राही, आणि तेवढ्यात पुढची तीन निघून जात. कान तर ठीकच होते. तिला सोडून देता येत नव्हते, एवढेच.

मग तिने सोडायचा सराव केला. निसटलेल्या प्रश्नापुढे एक आडवी रेघ मारायची आणि पुढे जायचे. ऐकायला सोपे वाटते, पण पहिल्या रेघेला तिच्या पेन्सिलीचे टोक मोडले. आठव्या दिवशी विसांपैकी तेरा आले. बारा आले तर पास. काका म्हणाले, "जेमतेम आहे." ती म्हणाली, "पण माझे आहेत."

परीक्षा दुसऱ्या इमारतीत झाली, कोऱ्या चकचकीत हेडफोनांवर. मी खुंटीवर होतो. निकालाला तीन आठवडे लागले. त्या काळात दार वाजले की माझा पडदा हलायचा, आणि आत यायचे भलतेच कोणीतरी.

मग एका सकाळी ती कामाच्या एप्रनमध्येच धापा टाकत आली. काका स्टुलावरून उठलेच.

"वाचनात एकतीस," ती म्हणाली.

"आणि ऐकण्यात?" काकूंनी विचारले. "बोल ना गं बये, जीव जातोय माझा!"

"पंचवीस."

"काठावर!" काका म्हणाले.

"पलीकडच्या काठावर," काकूंनी सुनावले आणि तिला जवळ ओढले.

"पाच रेघा मारल्या, काकू," त्यांच्या खांद्यावर ती म्हणत होती. "प्रत्येक वेळी तिथंच अडावंसं वाटलं. पण मारल्या."

आता ती सकाळी कॉलेजात असते, पण आधी इथे येते. काकूंची परीक्षा सोमवारी आहे. त्यामुळे आता वाचणारी ती आणि ऐकणाऱ्या काकू. आज तिने डोळ्याच्या भिंगावरचा एक लेख आणला आहे. तो काकूंनी कधी पाहिलेला नाही, मीही नाही. माझी स्वस्थता पुन्हा गेली आहे, पण ही बेचैनी मला आवडते.

मित्रांनो, माझे फारसे मागणे नाही. तार सैल गुंडाळा, प्लग ओढताना तार धरू नका, आणि सवयीने ओळखीच्या झालेल्या गोष्टीला समजलेली गोष्ट मानू नका. एवढे जमले की आणखी एक करा. या खोलीत येताना दार हळू लावा. आत कोणीतरी काहीतरी पहिल्यांदाच ऐकत असेल, आणि ते एकदाच लागणार असेल.