रिकाम्या डबीची खोटी साक्ष

मित्रांनो, मी गोळ्यांची एक जुनी डबी आहे. सात वारांचे सात कप्पे, त्यात शनिवारचं झाकण जरा सैल. खोटं बोलणं माझ्या स्वभावात नाही. तरीही माझ्या तोंडून खोटं वदवून घेतलं, तेही माझ्या लाडक्या ताईने!

ताई कपडे शिवते. तिचं मन कधी असं उधाणायचं की झोप नको न् जेवण नको. कधी असं खचायचं की मशीनवरचं कापड तसंच पडून राहायचं. डॉक्टरीणबाईंनी सगळी विचारपूस करून, रक्त तपासून एक औषध निवडलं. ताई सावरली. तिचा नवरा बेकरीत भट्टीवर असतो. तो संध्याकाळी येऊन माझं झाकण उघडायचा आणि कप्पा रिकामा दिसला की निश्चिंत व्हायचा. "या डबीमुळे विचारावंच लागत नाही," असं तो कौतुकाने सांगायचा. मीही शेफारले होते.

पुढे त्या गोळीमुळे ताईचा हात थरथरू लागला. सुईत दोरा जाईना, काजं वाकडी होऊ लागली. तिने कुणाजवळ अवाक्षरही काढलं नाही. एका सकाळी कप्प्यातली गोळी काढली आणि तोंडात न टाकता बटणांच्या बरणीत टाकली. पांढऱ्या बटणांत पांढरी गोळी, कुणाला कळणार? मग माझं झाकण लावलं आणि कामाला बसली. रोज तेच. मी बोलणार कशी?

हात स्थिरावला, पण झोप उडाली. गिऱ्हाइकाचं कोटाचं कापड तिने टराटरा कापून पडदे शिवले, आणि एके दुपारी भर रहदारीत रस्त्याच्या मधोमध चालत सुटली. लोकांनी धरून आणली म्हणून वाचली. नवरा डॉक्टरीणबाईंना छातीठोकपणे म्हणाला, "एकही गोळी चुकलेली नाही, मी रोज डबी बघतो." डॉक्टरीणबाई गोळ्या वाढवायच्या विचारात होत्या. आधी रक्त तपासलं म्हणून बरं, रक्तात औषधाचा मागमूस नव्हता.

घरी येऊन त्याने मलाच भिंतीवर आपटलं. माझा काय गुन्हा होता, सांगा!

इलाजानंतर शांत झाल्यावर ताईने स्वतःच बरणी दवाखान्यात नेऊन टेबलावर उपडी केली. डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "हातच गेला तर माझ्याजवळ उरतं काय?"

"हे आधी सांगायचंत ना. मी मात्रा कमी केली असती, नाहीतर औषध बदललं असतं. आपल्या मनाने गोळी बंद करणं फार धोक्याचं."

आता मात्रा बदलली आहे, रक्तही ठरल्या वेळी तपासतात. मित्रांनो, तुमच्या घरी अशी डबी असेल तर तिचा कप्पा बघा, पण माणसालाही विचारा. गोळीचा त्रास होत असेल तर डॉक्टरांना सांगा, लपवू नका. माझ्या भरवशावर राहू नका.

काल नवऱ्याने माझ्याकडे न बघता आधी तिलाच विचारलं, "हात कसा आहे?"

"थोडा थरथरतोय," ती म्हणाली, आणि त्याच्यासमोर गोळी पाण्याबरोबर गिळली. माझा राग मात्र अजून गेलेला नाही. तिने माझं झाकण लावलं, तेव्हा मी बरणीकडेच बघत होते.