बारक्याने अजून सांगितलं नव्हतं

बारक्याने विजेचा पत्ता टेबलावर ठेवला, आणि तो तोंड उघडायच्या आत ताईने आपला पोलादी राखणदाराचा पत्ता उचलून बाद पत्त्यांच्या ढिगात टाकलासुद्धा.

"गेला," ती म्हणाली. "आता माझी पाळी ना? की अजून काही टाकणारेस? नाही टाकणार. तुझ्या हातात काही नाहीये."

बारक्याने हातातले पत्ते पालथे ठेवले आणि त्यांच्याकडेच बघत म्हणाला,

"वीज कोणावर ते मी अजून सांगितलं नव्हतं."

"त्यात सांगायचंय काय? दुसऱ्या कुणावर पाडणार होतास?"

बारक्याने शाळेतल्यासारखा सरळ हात वर केला. ताईला आधी वाटलं, पाणी मागवतोय. मग कळलं की पंचांना बोलावतोय, तेही सख्ख्या बहिणीविरुद्ध. तिच्या कानशिलांत रक्त चढलं.

स्पर्धेसाठी सभागृहभर टेबलं मांडली होती आणि प्रत्येक टेबलावर तीच पुटपुट चालली होती. हा पत्ता, याच्यावर, चालेल? चालेल. या खेळात जो तो आपली गड्डी स्वतः जमवून आणतो, त्यामुळे समोरचा काय काढेल याचा भरवसा नसतो. म्हणून नियमच असा, की आपण काय करतोय ते मोठ्याने सांगायचं, समोरच्याला अडवायचं असेल तर तेवढी उसंत द्यायची, आणि त्याने 'चालेल' म्हटल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही. घरी या दोघांनी तो कधी पाळला नव्हता. वडिलांच्या फ्रेमच्या दुकानात, काच कापायच्या टेबलावर, गिऱ्हाईक नसलं की दोघं खेळत आली होती. बारक्याला पत्त्यावरची अक्षरं लागत नव्हती तेव्हापासून. तेव्हा त्याचे पत्ते ताईच वाचून दाखवायची, ताईच सुचवायची, आणि त्याने फार वेळ लावला की त्याच्या वतीने खेळूनही टाकायची. पुढे त्याला वाचता आलं, मिशी आली, तिशी उलटली. ताईची सवय काही गेली नाही. गिऱ्हाईक त्याला विचारी, "ही तसबीर कधी मिळेल?" आणि आतून ताई सांगे, "परवा." तो नुसती मान हलवी.

आज तर सकाळपासून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. बसमध्ये बारक्या "ताई, एक बोलायचंय" म्हणाला होता, आणि तिने घाईघाईने खिडकीबाहेरच्या कुठल्याशा पाटीवर बोलायला सुरुवात केली होती. थोड्या वेळाने तो पुन्हा म्हणाला, तेव्हा तिने झोप लागल्याचं सोंग घेतलं. काय बोलायचंय ते तिला पक्कं ठाऊक होतं. बारक्या दुकान सोडून चालला होता. हल्ली फोन आला की तो फुटपाथवर जाऊन बोलायचा; कुणीतरी त्याला चांगल्या कामावर बोलावलं असणार. तो गेला तर दिवसभर त्या काचांमध्ये आपण कुणाशी बोलायचं? तिने तयारीही करून ठेवली होती: आधी वडिलांची आठवण, मग डोळ्यांत पाणी, आणि एवढ्याने नाहीच भागलं तर आरडाओरडा.

पंचबाई आल्या. "काय झालं?"

"मी वीज टाकली," बारक्या म्हणाला. "कोणावर ते सांगायच्या आधीच हिने आपला पत्ता काढला."

"अहो, मी ओळखते ना त्याला," ताई म्हणाली. "राखणदारच मारणार होता. माझा भाऊ आहे तो."

"असतील. पण त्यांचं त्यांना सांगू द्या." पंचबाई बारक्याकडे वळल्या. "कोणावर?"

बारक्याने ताईच्या बाजूच्या कोपऱ्याकडे बोट केलं. तिथे ताईने अगदी सुरुवातीला मांडलेली आणि मग विसरून गेलेली एक फुटकळ दिवेवाली होती.

"दिवेवालीवर."

ताईला हसू आलं आणि अर्ध्यातच विरलं. दिवेवाली दर पाळीला जे बळ पुरवायची, त्यावरच राखणदार उभा राहायचा. ती गेली की तो नुसता बुजगावणं. हे याला कधी सुचलं? पंचबाईंनी राखणदार उचलून परत जागेवर ठेवला आणि ताईला समज दिली, की पुन्हा त्यांच्या पाळीत मध्ये पडू नका.

"चालेल?" बारक्याने विचारलं.

तो खरोखरच उत्तराची वाट बघत होता. ताईने घसा साफ केला.

"चालेल."

त्यानंतर त्याच्या पाळीला ती स्वतःच्या हातांवर बसली, अगदी शब्दशः. टेबलाखाली तिचा गुडघा सारखा हलत होता. बारक्या दर पाळीला थांबत होता, पत्ते वरखाली करत होता, आणि दर वेळी तिच्या जिभेवर काहीतरी येऊन परत जात होतं. त्याला सुचत नाही म्हणून तो थांबतो, असंच ती आजवर समजत आली होती. आज तोंड बंद ठेवल्यावर दिसलं, की तो विचार करतोय. तिला त्याचं कौतुक वाटलं आणि लगेच भीतीही वाटली. डाव तिने गमावला. बारक्या शेवटच्या आठांत गेला.

दोघांनी हात मिळवले. बारक्या उठला नाही.

"ताई, बसमधलं राहिलं."

"मला माहितीये, तू..." एवढं बोलून तिने उरलेलं गिळलं. "बोल."

"दुकान मला एकट्याला चालवायचंय."

ती त्याच्याकडे बघतच राहिली. वडिलांची आठवण, डोळ्यांतलं पाणी, सगळं भलत्याच बातमीसाठी तयार केलेलं होतं.

"तू खूप केलंस, आता आराम कर, असं सांगणार होतो," बारक्या म्हणाला. "पण ते खोटं झालं असतं. आराम तुला नकोच आहे. मलाच हवंय हे. तू असलीस की मला बोलताच येत नाही, ताई. पुढच्या महिन्यापासून तू येऊ नकोस."

पत्ते खेळताना बोलला होता तसाच तो सावकाश आणि पुरतं बोलला. मग थांबला. भांडावं म्हणून ताईने तोंड उघडलं, पण निघालं वेगळंच.

"आणि मी काय करायचं?"

बारक्याने बराच वेळ विचार केला. ताईने तो करू दिला.

"ते मला नाही माहीत," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते.

पुढच्या फेरीची टेबलं पुकारली गेली. बारक्या उठला, तिच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवला आणि गेला. ताईने आपले पत्ते गोळा केले. गड्डीच्या कडा जुळवल्या, विस्कटल्या, पुन्हा जुळवल्या. आसपासची माणसं खुर्च्या ओढत नव्या जागा धरत होती.

"तुम्ही इथेच बसणार आहात का?" एका मुलीने तिच्याच खुर्चीच्या पाठीला हात लावत विचारलं.

ताईच्या तोंडात "हो" आलं होतं.

"नाही," ती म्हणाली, आणि उठली.