सातशे वर्षांत अकरा बाळं

या मित्रांनो, असे जरा जवळ सरकून बसा. मागे राहिलेल्यांनाही पुढे घ्या. माझा आवाज पुठ्ठ्याचा आहे, लांबवर पोचत नाही. राजाच्या मुकुटाची, वीराच्या तलवारीची कहाणी तुम्ही पुष्कळदा ऐकली असेल. आज एका पडद्याची ऐका. चित्त देऊन ऐकलीत, तर शेवटी तुमच्याजवळ एक छोटेसे मागणे मागणार आहे.

मी एक जुना, तीन घड्यांचा, पुठ्ठ्याचा पडदा आहे. खिडकीला लावतात तो नव्हे. मी टेबलावर उभा राहतो, आणि उभा राहिलो तरी जेमतेम हातभर उंच. माझा जन्म एका बाइंडरच्या दुकानात झाला. मोठमोठ्या रजिस्टरांना घालायचा जाड पुठ्ठा उरला होता. त्याचे बाइंडरने तीन सारखे तुकडे कापले, कापडी पट्टीने जोडले, खळ लावली आणि दिवसभर मला दाबाखाली ठेवले. बाहेर निघालो तेव्हा असा ताठ होतो, की बाइंडरची बायको म्हणाली, आमच्या मामंजींनंतर या घरात इतकं सरळ कुणी बसलेलं नाही. मग तिनेच माझ्या बाहेरच्या अंगावर हिरवेगार जंगल रंगवले. आतली बाजू कोरी ठेवली.

हा थाट कशासाठी? तर बाइंडरच्या घरी दर रविवारी दुपारी एक खेळ चाले. त्याला रोलप्लेइंग गेम म्हणतात. एक जण गोष्ट सांगतो आणि बाकीचे त्या गोष्टीतले एकेक पात्र होतात. वाटेत नदी आली, काय करशील? पोहून जाईन. मग ते जमले की फसले, हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. मोठा आकडा पडला तर जमले, छोटा पडला तर फसले. गोष्ट सांगणारा होता बाइंडर. पुढचे गुपित फुटू नये म्हणून तो फासा माझ्याआड टाकत असे. आकडा दोघांनाच दिसे, त्याला आणि मला.

खेळणारे तिघे. बाइंडरची बायको, जिला सगळे वहिनी म्हणत. बाइंडरची धाकटी बहीण, जी गावातल्या मोठ्या दवाखान्यात बाळंतपणाच्या वॉर्डात नर्स होती. आणि शेजारचा वायरमन, ज्याच्या खिशातला टेस्टर रविवारीसुद्धा निघत नसे. तिघांचीही पात्रे एल्फ होती. एल्फ म्हणजे काल्पनिक गोष्टींतले लांब कानांचे लोक. ते जंगलात राहतात आणि हजार हजार वर्षे जगतात म्हणे.

पण मित्रांनो, ही मंडळी पडली कामाची माणसे. जे होऊच शकत नाही ते त्यांच्या घशाखाली उतरत नसे. म्हणून त्यांनी एक नियम केला होता. जंगलाबद्दल कुणी शंका काढली, की तिचे उत्तर सापडेपर्यंत फासा टाकायचा नाही. उत्तर सगळ्यांना पटले, की ते पेन्सिलने माझ्या आतल्या बाजूला लिहायचे.

पहिली शंका वायरमनने काढली. खेळात शंभर वर्षांचा एल्फ आणि वीस वर्षांचा माणूस सारख्याच ताकदीने सुरुवात करतात. मग ऐंशी वर्षं हा गडी करत काय होता, झोपला होता का? दोन रविवार त्यावर खल झाला. शेवटी ठरले, की एल्फ लोक शिकताना घाई करत नाहीत. एका झाडाशी ओळख करून घ्यायला त्यांना दहा वर्षे लागतात. वायरमन म्हणाला, पटलं, आमच्या ऑफिसातही असे तिघं आहेत.

वहिनींची शंका याहून बिकट होती. हजार वर्षं जगायचं, म्हणजे नऊशे वर्षं एकच सासू? बाइंडरने उठून चहाचे आधण ठेवले. पुढच्या रविवारी माझ्यावर लिहिले गेले, की एल्फांच्या घरात दर साठ वर्षांनी चुली वेगळ्या होतात आणि त्या दिवशी सगळे नाचतात. वहिनी त्यावर इतक्या खूश झाल्या, की त्यांनी त्या ओळीभोवती लाल चौकट काढली.

अशी चार वर्षे गेली. इतकी माणसे मरत नाहीत, तर जंगल भरून कसे जात नाही? कारण साठ वर्षांत एकच बाळ जन्मते. आठवणींची अडगळ होत नाही का? होते, म्हणून शरद ऋतूत ते एकमेकांना आपली एक आठवण देऊन टाकतात. माझी आतली बाजू काळी होत गेली. काय सुखाचे दिवस होते ते! चौघांचे कोपर माझ्याभोवती टेकलेले, खिडकीतून येणारे ऊन माझ्या रंगवलेल्या झाडांवर पडलेले आणि पलीकडच्या खोलीतून खळीचा वास येत असलेला. परमेश्वराने पुठ्ठ्याला याहून मोठे भाग्य काय द्यावे?

एक गोष्ट मात्र मला कबूल केली पाहिजे. बाइंडर खोटे बोलत असे. बहिणीचे पात्र, सातशे वर्षांची एल्फ सुईण, कितीदा तरी कड्यावरून पडली, पुरात सापडली. फासा दोन दाखवी, कधी तीन. बाइंडर माझ्याकडे बघे आणि म्हणे, सोळा. मी पडदा आहे. झाकणे हाच माझा धर्म. मी गप्प राहिलो.

मग एका रविवारी बहीण आलीच नाही. त्यानंतरच्या रविवारी आली ती वेगळीच. तिच्या वॉर्डात एक बाळ तिच्या हातातच गेले होते. चौकशी झाली. तिची काहीच चूक नव्हती, डॉक्टरांनीही तसे लिहून दिले. पण अठरा वर्षे वॉर्डात घालवलेल्या त्या बाईने स्वतःच अर्ज केला आणि दवाखान्याच्या चादरींच्या कोठीत बदली मागून घेतली. चादरी रडत नाहीत, एवढेच ती म्हणाली. मोठ्या सिस्टरांनी तिला महिनाअखेरपर्यंत मुदत दिली होती. तोवर परत आली तर तिची जागा तिची. नाही आली, तर कोठी कायमची.

गोष्ट सांगणे सोडले, तर बाइंडर बोलक्या स्वभावाचा नव्हता. बहिणीला समजावणे त्याला जमेना. म्हणून त्याने त्याला जमत होते ते केले. जंगलात साठ वर्षांनी बाळ जन्माला येणार आहे आणि सातशे वर्षांच्या सुईणीला बोलावणे आले आहे, अशी गोष्ट त्याने रचली. रविवारी सकाळी तो एकटाच माझ्यामागे बसून पुटपुटत होता. काहीही पडो, वीस म्हणायचं. मित्रांनो, त्या भाबड्या माणसाला वाटत होते, की गोष्टीतले बाळ सुखरूप आले म्हणजे बहिणीचे हात पुन्हा धीट होतील.

दुपारी गोष्ट तिथपर्यंत आली. बाइंडरने फासा उचलला. तेवढ्यात बहीण म्हणाली, "थांब दादा. माझी शंका आहे."

सगळे तिच्याकडे बघू लागले. तिचा आवाज शांत होता.

"साठ वर्षांत एक बाळ म्हणतोस. म्हणजे सातशे वर्षांत हिने केली किती बाळंतपणं? अकरा. मी नोकरीच्या पहिल्याच महिन्यात त्याहून जास्त केली होती. हिला काही येत नाही, दादा. हिचे हात कापतील. तुझ्या या जंगलात त्या बाळाला झेलणारं कुणीच नाही."

बाइंडरने फासा खाली ठेवला. नियम तो नियम.

पुढच्या रविवारी त्याने सुचवले, की एल्फांकडे मोठमोठे ग्रंथ असतील. वाचून हाताला काय कळतं, असे बहिणीने विचारले, आणि स्वतः जन्मभर ग्रंथ शिवणाऱ्या बाइंडरने ती सूचना मागे घेतली. वायरमन म्हणाला, मंत्र मारतील की. वहिनींनी त्याला फैलावर घेतले. मंत्रच मारायचा होता, तर चार वर्षं हा पुठ्ठा कशाला काळा केला, आणि माझ्या सासूच्या वेळी कुठे गेला होता तुमचा मंत्र? खेळ तिथेच अडला. महिना संपायला जेमतेम दीड आठवडा उरला.

त्यापुढच्या रविवारी बहीण सगळ्यांच्या आधी आली. बाइंडर दुकानात शिवण घालत होता. ती आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या खुर्चीत, माझ्यामागे येऊन बसली. माझ्या अंगावरची एकेक ओळ तिने बोट ठेवून वाचली. सासूच्या ओळीपाशी हसली. मग पेन्सिल घेऊन तिने लिहिले: एल्फ सुईणी तरुणपणी माणसांच्या गावात राहायला येतात. कान झाकून, नाव बदलून तीस वर्षं दवाखान्यात काम करतात. माणसांकडे रोज बाळं होतात. तिथे हात तयार होतो.

सगळे जमल्यावर तिने ते वाचून दाखवले. वायरमनने मान डोलावली. हे बरोबर आहे, मीही खांबावर चढूनच शिकलो, असे तो म्हणाला. बाइंडर तर फासा घ्यायला हातही पुढे करत होता. पण वहिनी हातातली बशी तशीच धरून बसल्या होत्या.

"वन्सं," त्या हळूच म्हणाल्या, "आणि तिथे एखादीच्या हातून बाळ गेलं तर?"

बाइंडरने बायकोकडे असे पाहिले, की काय हे विचारलंस! बहीण खाली बघत राहिली. माझ्या कडेवरून तिने अंगठा फिरवला, एकदा, दोनदा.

"जातंच," ती म्हणाली. "तीस वर्षांत जातंच. म्हणून जंगलात परत आली, की म्हाताऱ्या सुईणी तिला पहिला प्रश्न तोच विचारतात. किती गेली?" ती थांबली. जणू पुढचे तिचे तिलाही आत्ताच कळत होते. "जी म्हणते एकही नाही, तिला माघारी पाठवतात. म्हणतात, बाई, तुझं शिकणं अजून व्हायचंय. आणि जी आकडा सांगते, तिला आत घेतात. जंगलातलं बाळ तिच्याच हाती देतात."

वायरमनने नाक ओढले आणि खिशातला टेस्टर उगाच काढून पुन्हा ठेवला. "लिहा, सिस्टर," तो म्हणाला. "पटलं."

तिने लिहिले. बाइंडरने डोळे पुसले, खाकरला आणि फासा उचलला.

"दादा, तो पडदा बाजूला ठेव."

"अगं, नियम आहे आपला."

"चार वर्षं झाली, तू मला एकदाही मरू दिलं नाहीस. मला काय कळत नाही?"

बाइंडर कानापर्यंत लाल झाला. त्याने माझ्या घड्या मिटल्या आणि मला पालथे करून कपाटावर ठेवले. म्हणून मित्रांनो, आयुष्यातला सगळ्यात मोठा फासा मी पाहिला नाही. फक्त ऐकला. तो गडगडला, थांबला, आणि वायरमनच्या तोंडून बारीकसा उसासा निघाला. त्यावरून मी समजलो, की आकडा वाईट आहे.

मग बहिणीचा आवाज आला. सावकाश, स्पष्ट, जसा वॉर्डात येत असेल. "रडत नाहीये. ठीक आहे. कोरडं करा आधी. ऊब द्या. पाठ चोळतेय मी. वहिनी, दिवा इकडे. घाबरू नका, मी आहे इथे. दादा, टाक पुन्हा."

फासा पुन्हा गडगडला. आणि मग त्या जाडजूड, मिशाळ बाइंडरने नुकत्या जन्मलेल्या एल्फ बाळासारखे टॅहॅ केले. असे बेसूर रडणे मी कधी ऐकले नव्हते, आणि असे गोडही. सगळे हसत होते. बहुधा रडतही होते. कपाटावरून नीट कळत नव्हते.

बुधवारी ती मोठ्या सिस्टरांकडे गेली आणि आपली जागा परत मागून घेतली. पुढे रविवारी ती उशिरा येऊ लागली. कधी दवाखान्यातून निघताच येत नसे. तिघे वाट पाहत आणि त्यावर खूश असत.

माझे म्हणाल, तर मला पुन्हा कुणी टेबलावर उभे केले नाही. फासा आता उघड्यावरच पडत असे. लपवायचेच नाही, तर पडदा कशाला? माझ्यावर धूळ बसली, कापडी पट्टीला कसर लागली, वहिनींचे जंगल पोपडे धरून गळाले. त्या रविवारच्या दुपारची आठवण येते. वाईटही वाटते, खोटे कशाला बोलू? घरातल्या जुन्या वस्तूंवरून अधूनमधून फडके फिरवीत जा मित्रांनो, त्यांच्या आतल्या बाजूला काय लिहिलेले आहे ते तुम्हाला ठाऊक नसते.

पण मागणे ते नव्हे. माझे काय, पुठ्ठाच तो. मागणे असे, की येत्या वाढदिवशी, सगळ्यांचे आशीर्वाद घेऊन झाले, की क्षणभर डोळे मिटा. तुम्ही या जगात आलात तेव्हा आईच्याही आधी कुणीतरी तुम्हाला हातात झेलले होते. तिचे नाव तुम्हाला माहीत नाही, आणि तिला तुमचे नाही. तेवढा वेळ तिची आठवण करा.